शाळेचा पैसा कुठे गेला?

मित्रांनो, अमेरिकेतल्या शिकागो शहराची ही खरी गोष्ट मी तुम्हांला सांगतो. मार्गारेट हेली तिथे प्राथमिक शिक्षिका होत्या. १८९७ साली शिक्षकांची संघटना निघाली. पुढे हेलीबाई तिच्या पुढारी झाल्या.

शाळा मंडळाने ठरलेली पगारवाढ रोखली. कारण काय, तर तिजोरीत पैसा नाही! हेलीबाई आणि कॅथरिन गॉगिनबाई यांनी १९०० साली कराची दप्तरेच चाळली. ट्राम, गॅस, टेलिफोनच्या बड्या कंपन्यांवर पुरता कर बसवलाच नव्हता. महापौर निवडायला बायकांना तेव्हा मत नव्हते. तरी त्या कोर्टात गेल्या आणि १९०१ साली जिंकल्या.

हेलीबाई १९३९ साली वारल्या, पण त्यांचा धडा उरला आहे. आपली शाळाही लोकांच्या करातूनच चालते. म्हणून पालकहो, शाळेच्या पैशाचा हिशेब जरूर विचारा. आम्ही गणित शिकतो ते त्यासाठीच ना?