कागदाचे दुकान आणि श्रावकाचा तराजू



आपल्या स्मरणिकेत कापड, हिरे, जरी आणि धान्य या धंद्यांविषयी दरवर्षी पुष्कळ लिहून येते. सुरतेसारख्या शहरात ते स्वाभाविकच आहे. परंतु गल्लीच्या तोंडाशी, दहा हात रुंदीच्या गाळ्यात बसून वह्या, पेन्सिली, पाकिटे आणि लग्नपत्रिका विकणाऱ्या लहान दुकानदाराविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे मला स्मरत नाही. माझा स्वतःचा धंदा घाऊक धान्याचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, एका धंद्यातील माणसाने दुसऱ्या धंद्याकडे पाहून जे शिकावे तेवढेच येथे मांडतो. आपल्यापैकी ज्यांची मुले-सुना असे दुकान चालवीत असतील किंवा काढू इच्छीत असतील, त्यांना त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

प्रथम या मालाची थोरवी लक्षात घ्यावी. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे लाभपंचमीला, गुजरातेतील व्यापारी मुहूर्त करून दुकाने उघडतात. तीच तिथी श्वेतांबर समाजात ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते; त्या दिवशी ग्रंथ, वह्या आणि लेखण्या मांडून त्यांची पूजा करतात. दिगंबर समाजात हाच भाव ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या श्रुतपंचमीला प्रकट होतो. तांदूळ-गहू विकणाऱ्या माझ्यासारख्याला हे भाग्य नाही. कागदाच्या दुकानदाराचा माल मात्र विकण्यापूर्वीच पूजनीय ठरलेला असतो.

पत्रिकेची परंपराही आपल्या समाजात आजची नव्हे. पूर्वी निरनिराळ्या गावांचे संघ आचार्यांना चातुर्मासासाठी विनंती करण्यास आणि क्षमापना कळविण्यास लांबलचक सचित्र विज्ञप्तिपत्रे पाठवीत असत. आग्र्याच्या संघाने १६१० साली आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले, उस्ताद शालिवाहनाने चितारलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. आज संवत्सरीनंतर आपण जे क्षमापनेचे कार्ड पाठवितो, ते त्याच कुळातील लहानसे बालक होय.

आता व्यवहाराकडे वळू. या धंद्यातील पहिला धोका नफ्याच्या टक्केवारीचा आहे. धान्यात शेकडा दोन रुपये सुटले तरी आम्ही समाधान मानतो. भेटकार्डात दामदुप्पट मिळते असे ऐकून तरुण मनुष्य हुरळतो. परंतु हिशेब पाहा. समजा, दहा हजार रुपये धान्यात घातले, दर दहा दिवसांनी ते मोकळे झाले आणि प्रत्येक फेऱ्यात दोनशे रुपये सुटले. वर्षाच्या ३६ फेऱ्यांत ७,२०० रुपये होतात. त्याच दहा हजारांची भेटकार्डे दुप्पट किमतीस विकावयास ठेवली आणि वर्षभरात निम्मीच खपली, तर गल्ल्यात दहा हजारच येतात. म्हणजे केवळ मुद्दल परत आले; गाळ्याचे भाडे अंगावर पडले आणि निम्मी कार्डे पिवळी पडत फळीवर राहिली. पेरा मोठा असून उपयोग नाही. रास घरात आली पाहिजे.

म्हणून मालाचे तीन वर्ग करावेत. वह्या, पेने, पेन्सिली, खोडरबर, डिंक, पाकिटे हा रोजचा माल. तो संपू देऊ नये. जूनमध्ये शाळा उघडताना लागणारी पाठ्यसामग्री, श्रावणात भरावयाची क्षमापना-कार्डे, दिवाळीच्या पूजनाच्या वह्या आणि देवउठी एकादशीनंतरच्या लग्नपत्रिका हा मोसमी माल. तो मोसमापूर्वी भरावा आणि मोसमातच संपवावा. तिसरा वर्ग शोभेच्या मालाचा. त्यात भांडवलाचा लहानसा हिस्साच गुंतवावा. तयार क्षमापना-कार्डांवर वीरसंवताचा अंक छापून घेऊ नये, हे ध्यानात ठेवावे. अंक नसला तर उरलेली कार्डे पुढील वर्षी चालतात. अंक असला की संवत्सरीच्या दुसऱ्याच आठवड्यात ती रद्दी होतात.

दिवाळीच्या वह्यांविषयीही सावध असावे. प्राप्तिकरासाठी ३१ मार्च ही एकच वर्षअखेर १९८९ सालापासून सर्वांना लागू झाली, आणि पुढे हिशेब यंत्रावर गेले. त्यामुळे लाल वही आता बहुतेक पेढ्यांवर पूजेपुरती उरली आहे. पूर्वी जेथे रोजमेळ, खतावणी, नोंदवही अशी जुडी जात असे, तेथे आज एक वही जाते. वडिलांच्या वेळचा खप धरून माल भरणारा म्हणूनच फसतो.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या ओळखीची. सुरतेत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू इत्यादी माध्यमांतूनही चालतात. लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील दुकानात मराठी मुळाक्षरांचा तक्ता, दुरेघी आणि चौकटीची वही नसेल, तर आई मुलाचा हात धरून पुढच्या दुकानात जाते आणि परत येत नाही. मोठे दुकान शहराकडे पाहून माल भरते. लहानाने आपल्या चार गल्ल्यांकडे पाहून भरावा.

तिसरी गोष्ट माझ्या विषयाची, म्हणजे वजनाची. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे हे दोन दोष आपल्या शास्त्रकारांनी स्पष्ट सांगितले आहेत. आपण समजतो की ते धान्यवाल्यांसाठी आहेत. कागदाला तराजू कशाला? परंतु कागदाची जात चौरस मीटरमागे भरणाऱ्या ग्रॅमांवर ठरते. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो. म्हणून ८० ग्रॅमी कागदाचे एक पान सुमारे ५ ग्रॅम भरते आणि ५०० पानांचे रीम सुमारे २ किलो ५०० ग्रॅम. ७५ ग्रॅमी कागदाचे रीम २ किलो ३४० च्या आसपास आणि ७० ग्रॅमीचे २ किलो १८० च्या आसपास भरले पाहिजे. वेष्टनावर ७५ लिहिलेले रीम वेष्टन काढून २ किलो २०० भरले, तर कोठे तरी चोरी झाली आहे. दुकानात साधा काटा ठेवावा आणि प्रत्येक नव्या खेपेतील एक रीम तोलून पाहावे. वह्यांची पाने मोजावीत. जुन्या हिशेबात २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचे म्हणजे ४८० कागदांचे रीम असे. आज रीम ५०० चे धरतात. आपण कोणत्या मापाने घेतो आणि कोणत्या मापाने देतो, हे एकच असले पाहिजे. शाळकरी मूल पाने मोजीत नाही. म्हणूनच ती दुकानदाराने मोजावयाची असतात.

करांचा हिशेबही असाच स्वच्छ ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरावाच्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरील वस्तू-सेवा कर शून्य झाला. दुकानातील इतर कित्येक वस्तूंवर तो कायम आहे. करमुक्त व करपात्र मालाची नोंद वेगळी असावी, आणि कर उतरल्याचा लाभ गिऱ्हाइकाला दिसेल अशा रीतीने द्यावा.

आता लग्नपत्रिकांविषयी. हल्ली आमंत्रण भ्रमणध्वनीवर जाते. छापील पत्रिका कमी निघतात, परंतु ज्या निघतात त्या अधिक जपून काढल्या जातात. येथे दुकानदार नुसता कागद विकत नाही, तो घराण्याची अब्रू हाती घेतो. माझ्या घरच्या एका कार्यात पत्रिका छापून आल्यावर ध्यानात आले की तारीख बरोबर, पण तिथी एका दिवसाने चुकली आहे. कच्च्या प्रतीवर सही माझीच होती. घाईत मी ती वाचलीच नव्हती. तरीही मी दुकानात जाऊन आवाज चढविला. त्या लहान दुकानदाराने वाद घातला नाही. तीन दिवसांत सर्व पत्रिका पुन्हा छापून दिल्या. दुसऱ्या छपाईचे मी निम्मेच पैसे दिले, आणि आपण व्यवहारचातुर्य दाखविले असे मला त्या वेळी वाटले.

त्या वर्षी संवत्सरीनंतर पहिले क्षमापना-कार्ड आले ते त्याच्याकडून. खाली स्वतःच्या हाताने 'मिच्छामि दुक्कडं' लिहिलेले होते. चूक माझी, तोटा त्याचा आणि क्षमाही त्यानेच मागितलेली! दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी उरलेले पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले, पावती केली आणि पुढील कामाच्या कच्च्या प्रतीवर 'तिथी, वार, तारीख, नावे — चारही वाचली' अशा चार रकाने असलेला शिक्का मारण्यास आरंभ केला, असे सांगून मला तो शिक्का दाखविला. प्रत्येक पत्रिकेच्या दुकानात असा शिक्का असावा. भांडण मिटविण्यापेक्षा ते न होऊ देणे स्वस्त पडते.

आणखी एक विनंती. पत्रिकेवर तीर्थंकरांची चित्रे छापू नयेत. समारंभ संपला की ती पत्रिका पायदळी जाते, आणि त्या आशातनेत छापणारा, छापविणारा आणि विकणारा असे तिघेही वाटेकरी होतात. गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून वेलबुट्टी सुचवावी. बहुतेक जण ऐकतात.

धंदा लहान आहे म्हणून खंत मानू नये. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत गिरगावात 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या करण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे कॅम्लिनचे नाव घरोघर आणि शाळोशाळी पोहोचले. प्रत्येक दुकानाचा कारखाना होईल असे मी म्हणत नाही, आणि होण्याची गरजही नाही. घरपोच माल पाठविणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी भावात लहान दुकानदार टिकणार नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु परीक्षेच्या सकाळी सात वाजता एक पेन देणे, चुकलेली तिथी छपाईपूर्वी पकडणे आणि सांगितलेल्या वजनाचाच कागद देणे, ही तीन कामे गल्लीतला माणूसच करू शकतो. त्यांवर त्याचे दुकान टिकेल. आपणही वही-पेन्सिल घेण्यास मुलांना त्या दुकानी पाठवावे, आणि आपल्या हातून कोणाचे निम्मे पैसे देणे राहिले असतील तर संवत्सरीची वाट पाहू नये, एवढे विनवून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.