जुन्या खेळासाठी नकाशे बनवू का?

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘टीम फोर्ट्रेस २’चे नकाशे बनवायला शिकावं म्हणतो. पण खेळ २००७चा. वेळ वाया जाईल का?

उत्तर : कमाईसाठी असेल तर नको. खेळाची कंपनी व्हॉल्व्ह हिने खेळात घेतलेल्या नकाशाच्या कर्त्याला ‘मॅप स्टॅम्प’ या खेळातल्या विकत मिळणाऱ्या वस्तूच्या विक्रीतून वाटा मिळतो, पण तिथवर पोचणारे थोडेच. शिकण्यासाठी मात्र खेळाचं वय पथ्यावरच पडतं. नकाशे बनवायचा हॅमर एडिटर फुकट आहे (जुनाट आहे, वैताग देईल), आणि तुमची प्रत्येक अडचण आधी कुणाला तरी आलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर खेळाचा कोडही मॉड करणाऱ्यांसाठी खुला झाला.

सजावटीच्या मागे लागू नका. साध्या ठोकळ्यांचा आराखडा करा आणि माणसांना खेळवा. खेळातल्या स्नायपरला लांबलचक मोकळी वाट मिळाली की बाकीच्यांचे हाल होतात. ‘इंजिनिअर’ या पात्राची सेंट्री (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) अरुंद दारावर बसली की सामना तिथेच तुंबतो. एकट्याने नकाशात फिरून हे कळत नाही. म्हणून आधी चाचणीला येणारे दहा-बारा खेळाडू जमतात का, ते बघा. जमले तर ‘किंग ऑफ द हिल’ (मधली एकच जागा काबीज करायची) या प्रकारापासून सुरुवात करा : निम्मा नकाशा बांधायचा, उरलेला तोच फिरवून जोडायचा.