नाव नसलेली बंदी
(इतिहासाची ओळख)

मुलांनो, पोटासाठी माणसे मुलूख सोडून जातात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण तिथले लोक येऊ नका म्हणाले तर? असा वाद कॅनडा देशात झाला.

१९०४ च्या सुमारास पंजाबातले शेतकरी व माजी शिपाई कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ लागले. चार वर्षांत सुमारे पाच हजार जण गेले. पुष्कळजण लाकूड कापण्याच्या गिरण्यांत राबत.

गोरे कामगार म्हणत, हे कमी मजुरीत राबतात, आमची मजुरी बुडते. कुणी म्हणत, यांचा धर्म वेगळा, पोशाख वेगळा. हे आपल्यात मिसळणार नाहीत. गिरणीमालकांना मात्र माणसे हवी होती. आणि आपले लोक विचारत, कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात, आम्हीही त्यातच. मग बंदी का?

१९०८ साली सरकारने नियम केला. मायदेशाहून वाटेत न थांबता येईल, त्यालाच प्रवेश. यात हिंदी लोकांचे नाव नाही, बरं का! पण हिंदुस्थानातून तिकडे थेट जहाजच जात नव्हते. म्हणजे दार उघडे, पण वाट बंद!

१९१४ साली गुरदित सिंग यांनी हाँगकाँगहून ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतले. २३ मे रोजी ३७६ उतारू व्हँकूव्हर बंदरात पोचले. त्यांना उतरू देईनात. दोन महिने अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी वर्गणी काढून भाडे भरले, कोर्टात दाद मागितली. पण हरले. वीसेक जण सोडून बाकीच्यांना २३ जुलैला परत धाडले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांशी झटापट झाली. गोळीबारात सुमारे वीस उतारू मेले.

तो नियम १९४७ साली गेला. पंजाबात जन्मलेले हरजित सज्जन २०१५ साली कॅनडाचे संरक्षणमंत्री झाले. २०१६ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आता पाहा, मजुरी बुडण्याची भीती खोटी नव्हती. पण कमी मजुरी देत कोण होते? मालक. सर्वांना सारखी मजुरी द्या, असेही म्हणता आले असते. लोकांनी दारच बंद केले.

विचार करा :
१. नियमात नाव नसूनही बंदी कोणावर आली? कशी?
२. तुम्ही गोरे कामगार असता तर काय मागितले असते?
३. नकाशात हाँगकाँग, व्हँकूव्हर व कलकत्ता शोधा.