यमुना नांवाच्या तिघी

शहापूर व मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतून भातसा आणि काळू या नद्या वाहतात, व दोघींचें पाणी अखेर उल्हास नदीस मिळतें. परंतु मुलीचें नांव भातसा किंवा काळू ठेवणारे आईबाप आम्हांस अद्याप भेटले नाहींत. नांव ठेवावयाचें तें गंगा, यमुना, गोदावरी नाहीं तर कृष्णा! जिचें दर्शन गांवांतील दहा माणसांसहि घडलेलें नसेल, त्या नदीचें नांव घराघरांतून हांकेला असतें. अशीच एक यमुना आमच्या वर्गांत आहे, आणि हा लेख तिच्या एका प्रश्नामुळें लिहिला जात आहे.

त्या दिवशीं हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीची माहिती चालली होती. नायिकेचें नांव यमुना, घरांत तिला यमू म्हणत, असें सांगतांच सारा वर्ग वळून आमच्या यमुनेकडे पाहूं लागला. ही यमू लहान वयांतच विधवा होते, बळजबरीनें तिचें केशवपन करण्यांत येतें, व शेवटीं ती मरण पावते, हें ऐकून तर मुलीची मान खालीं गेली. तास संपल्यावर ती मागें थांबली व म्हणाली, “गुरुजी, यमुना नांवाच्या मुलीचें कधीं चांगलें झालेंच नाहीं का?”

प्रश्न पोरकट म्हणून टाळतां आला असता. परंतु त्याचें उत्तर शोधूं जातां मराठी वाङ्मयाचा व आपल्या समाजाचा बराच इतिहास हातीं लागतो. तो आम्ही क्रमानें सांगतों.

पहिली यमुना पुस्तकांतली. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिल्या कादंबरीचा मान त्यास देतात. आदल्याच वर्षीं, १८५६ मध्यें, हिंदु विधवेच्या पुनर्विवाहास कायद्यानें मान्यता मिळाली होती. परंतु कायदा कागदावर आला तरी रूढि घरांत ठाण मांडून बसली होती. पदमनजींची यमुना पतीबरोबर प्रवास करिते आणि ठिकठिकाणीं विधवांचे हाल डोळ्यांनीं पाहते. पुढें तिच्यावरहि वैधव्य ओढवतें. परंतु ग्रंथकार तिला त्यांतून बाहेर काढतो व तिचा पुनर्विवाह होतो.

दुसरी यमुना खरीखुरी, आणि ती आपल्या शेजारची. ‘यमुनापर्यटना’नंतर आठ वर्षांनीं, ३१ मार्च १८६५ रोजीं, कल्याणच्या जोशी घराण्यांत तिचा जन्म झाला. मुरबाडचा मनुष्य आगगाडी धरण्यासाठीं ज्या कल्याणास जातो, तेंच हें कल्याण. नवव्या वर्षीं तिचें लग्न टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. ते तिच्याहून वयानें पुष्कळच मोठे होते. लग्नांत तिचें नांव बदललें व ती आनंदी झाली. चवदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. स्त्रियांना स्त्रीवैद्य मिळाली पाहिजे, असें मनाशीं ठरवून ती अमेरिकेस जाण्यास सिद्ध झाली. गोपाळरावांनीं वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील एका मासिकांत छापलें गेलें होतें. तें न्यू जर्सींतील कार्पेंटर नांवाच्या बाईंच्या वाचनांत आलें, आणि त्यांनीं या अनोळखी मुलीस आपल्या घरीं थारा दिला. ७ एप्रिल १८८३ रोजीं पतीस मागें ठेवून ती कलकत्त्याहून जहाजानें निघाली. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत तिला पदवी मिळाली. याच डॉक्टर आनंदीबाई जोशी. क्षयानें जर्जर होऊन त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. बावीस वर्षें पूर्ण होण्यास तेव्हां एक महिना उरला होता.

तिसरी यमुना आपट्यांची यमू. तिची कथा १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून प्रसिद्ध होऊं लागली. आपट्यांनीं हें नांव कल्याणच्या यमुनेवरून घेतलें, असें कोणीं समजूं नये. कादंबरीकार अशा वेळीं मुद्दामच घरोघरचें नांव निवडतो; कारण वाचणाऱ्या प्रत्येकास ‘ही आमच्याच घरांतली’ असें वाटलें पाहिजे. आमच्या वर्गानें मागें वळून पाहिलें, तें लेखकाच्या कौशल्याचेंच फळ होय. चुकलें तें इतकेंच कीं यमूचें नशीबहि नांवाबरोबर आपल्या यमुनेस चिकटलें, असें मुलांनीं क्षणभर मानलें.

नांवाबरोबर स्वभाव किंवा दैव येत नाहीं, हें ‘आनंदी’ या नांवावरूनहि पाहतां येईल. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या वेळच्या ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेनें राघोबांच्या आनंदीबाईंचें नांव कायमचें बदनाम केलें. त्यानंतर शंभर वर्षांनीं कल्याणच्या यमुनेस सासरीं मिळालें तें हेंच नांव! पुढें १८९३ सालीं गोदूबाई या बालविधवेनें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला, आणि त्याहि आनंदीबाई झाल्या. त्यांनीं ‘माझें पुराण’ हें आत्मचरित्र लिहिलें. पदमनजींनीं आपल्या यमुनेसाठीं जें कल्पिलें, तें गोदूबाईंनीं प्रत्यक्ष जगून दाखविलें. तीन आनंदी, तीन आयुष्यें!

एक सूचना विद्यार्थ्यांस करितों. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ मधील कादंबरींत, आणि त्याच नांवाच्या २०१९ मधील चित्रपटांत, डॉक्टर आनंदीबाई आपणांस पात्र म्हणून भेटतात. खरें माणूस कथेंत आलें कीं त्याच्या तोंडीं लेखकाचीं वाक्यें येतात. म्हणून कादंबरी आवडीनें वाचावी. पण निबंधांत ‘आनंदीबाई असें म्हणाल्या’ असें तिच्या आधारावर लिहूं नये.

आतां मूळ प्रश्न. तिघींपैकीं दोघी तरुणपणींच वारल्या, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु भेद पाहा. पुस्तकांतल्या यमुनेचें बरें किंवा वाईट लेखकाच्या लेखणीनें होतें. एकीस त्यानें सोडविलें, दुसरीस नाहीं. कल्याणच्या यमुनेस पतीचा आग्रह पाठीशीं होता, हें खरें. तरी बोटीची शिडी चढली ती तिच्याच पायांनीं, आणि परीक्षा दिली ती तिनेंच. त्या दोन कादंबरीकारांपैकीं एकासहि आपल्या यमुनेला डॉक्टर करणें सुचलें नाहीं. तें एका खऱ्या मुलीनें केलें. चांगलें झालें तें हें.

दुसऱ्या दिवशीं आमची यमुना घरची हकीकत घेऊन आली. यमुना हें तिच्या आजीचें माहेरचें नांव. लग्नांत तें बदललें, आणि पुढें त्या नांवानें आजीस कोणी हांक मारीना. नात झाली तेव्हां बारशास आजीनेंच तें सुचविलें. गेलेलें नांव असें घरांत परत आलें होतें, आणि नातीस याचा पत्ता नव्हता.

पालकांस आमची विनंती एवढीच. मुलीचें लग्न १८ वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं करावयाचें नाहीं, असें आजचा कायदा सांगतोच. परंतु तो सांगतो म्हणून नव्हे, तर तिचें पुढचें पान तिला स्वतः लिहितां यावें म्हणून, तिचें नांव शाळेच्या हजेरीपटावरून मध्येंच कमी होऊं देऊं नका.

आणि मुलांमुलींनो, तुम्हांस हा गृहपाठ. आज घरीं गेल्यावर आजीस तिचें माहेरचें नांव विचारा, आणि तें वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवा.