समानार्थी विधाने : दिसणे आणि असणे

दोन शब्द समानार्थी असले तरी एकाच्या जागी दुसरा नेहमीच चालत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास ठाऊक असते. संगणकाच्या भाषेतही हाच प्रश्न उभा राहतो. तेथे मात्र उत्तर अनुमानावर सोडावे लागत नाही. ते तपासून पाहता येते. पायथॉन या भाषेत मी केलेल्या अशा एका तपासणीची माहिती येथे देत आहे.

पायथॉन ही गीदो व्हान रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये तयार केलेली व १९९१ साली प्रसिद्ध झालेली भाषा. तीत लिहिलेला मजकूर प्रथम ‘बाइटकोड’ नावाच्या छोट्या आज्ञांत उतरतो व मग त्या आज्ञा पार पाडल्या जातात. भाषेबरोबरच मिळणारे ‘डिस’ हे साधन त्या उलगडून दाखविते.

समजा, दोन रिकाम्या याद्या हव्या आहेत. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीतही चालतात, म्हणून क आणि ख ही नावे घेतली. पहिली रीत अशी :

क = []
ख = []

दुसरी रीत एका ओळीची :

क = ख = []

फंक्शनबाहेर लिहिल्यास दोहोंच्या मुख्य आज्ञा चारच भरतात. पहिलीत : यादी बांध, क ला जोड, यादी बांध, ख ला जोड. दुसरीत : यादी बांध, कॉपी कर, क ला जोड, ख ला जोड. (३.११ च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत या कॉपीचे नाव ‘डुप टॉप’ असे होते.) ‘कॉपी’ हा शब्द येथे फसवा आहे. नक्कल यादीची होत नाही, यादीकडे निर्देश करणाऱ्या संदर्भाची होते. म्हणजे नावे दोन, यादी एकच!

याचा परिणाम लहान नाही. क मध्ये प्रथम वर्षाचे व ख मध्ये द्वितीय वर्षाचे विद्यार्थी नोंदवू गेल्यास प्रत्येक नाव दोन्हीकडे दिसेल, आणि यंत्र चुकीची सूचनाही देणार नाही. याद्यांऐवजी संख्या असत्या तर बिघडले नसते. कारण संख्या स्वतः बदलत नाही, नवे मूल्य देताच नाव दुसरीकडे जोडले जाते.

तिसरी रीतही पाहण्यासारखी आहे :

क, ख = [], []

वाचताना वाटते, आधी जोडी बांधून मग ती सोडविली जात असेल. प्रत्यक्षात कंपायलर जोडी बांधतच नाही. दोन याद्या मात्र स्वतंत्र बांधतो. तेव्हा दिसण्यात ती दुसरीच्या जवळची, पण अर्थाने पहिलीची सोबतीण.

सारांश, विधाने समानार्थी आहेत की नाहीत हे त्यांच्या रूपावरून किंवा आज्ञांच्या संख्येवरून ठरत नाही. प्रत्येक आज्ञा काय करते, हे पाहूनच ते ठरवावे लागते.