नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलावे?

आपल्या समाजातील बहुतेक घरांत शब्बाथच्या जेवणाला तीन पिढ्या एकत्र बसतात आणि दोन-अडीच भाषा बोलल्या जातात. आजी-आजोबांची मराठी, मुलगा-सून किंवा लेक-जावई यांची मिसळलेली भाषा आणि नातवंडांची स्वच्छ हिब्रू. नातू भेटला की आजी आपल्याला येते तेवढ्या हिब्रूत विचारते, जेवलास का, शाळेत काय केलेस? तो म्हणतो, "कलूम". काही नाही. संभाषण तेथेच संपते. नातू पाचवी-सहावीत गेला की तेवढेही उरत नाही. दोघांचे प्रेम जागच्या जागी असते, पण बोलायला शब्द नसतात. या गोष्टीचा मुलांच्या शिक्षणाशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

१९५० आणि ६० च्या दशकांत आपली कुटुंबे दिमोना, बेएरशेबा, लोद, अशदोद अशा गावी वसली, तेव्हा घरात फक्त हिब्रू बोला, नाहीतर मुले मागे पडतील, असे आईबापांना ठिकठिकाणी सांगण्यात येई. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांना स्वतःला हिब्रू धड येत नव्हती, ते मुलांशी चार तुटक वाक्यांत बोलू लागले. आज भाषेच्या अभ्यासकांचे मत याच्या उलट आहे. घरात दुसरी भाषा असल्याने मूल गोंधळत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हा वाढीचाच भाग आहे. हिब्रू त्याला गनमध्ये, रस्त्यावर, मित्रांत मिळतेच. घराने द्यायचे ते लांब, सविस्तर बोलणे: असे का झाले, मग काय झाले, तसे नसते तर? असे बोलणे माणसाला आपल्या पक्क्या भाषेतच साधते. एकदा कल्पना समजली की दुसऱ्या भाषेत तिचे फक्त नाव शिकायचे राहते.

एक उदाहरण घेऊ. अशदोदच्या किनाऱ्यावर नातवाला फिरायला नेणारी आजी अलिबाग किंवा रेवदंड्याकडची असेल, तर भरती-ओहोटी म्हणजे काय हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. ओहोटीला अलिबागहून कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसे चालत जातात आणि पाणी चढू लागले की घाईने परततात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो. इस्रायलच्या भूमध्य किनाऱ्यावर तो जेमतेम फूट-दीड फूट. येथल्या मुलाने समुद्र असा दूर गेलेला कधी पाहिलेलाच नाही! आजीने हे मराठीत, हातवारे करीत सांगितले की तो विचारील, "मग आपला समुद्र का जात नाही?" उत्तर आजीला ठाऊक नसले तरी चालेल. त्याने ते शिक्षकांना विचारावे. (भूमध्य समुद्र जवळजवळ चहूकडून बंद आहे आणि महासागराशी त्याची वाट जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून आहे, म्हणून.) असा प्रश्न घेऊन वर्गात जाणारे मूल मागे पडत नाही. आणि ओघात नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटल्याची कथाही सांगून होते.

आता वाचनाविषयी. आपल्यातील पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते की हिब्रू वर्तमानपत्र वाचता येत नाही, तेव्हा मुलांच्या पुस्तकांना आपण काय हात लावणार? पण वर्तमानपत्र निकूदशिवाय, म्हणजे स्वरचिन्हांशिवाय छापतात. लहान मुलांची पुस्तके निकूदसह असतात आणि ज्याने जन्मभर सिदूरमधून तफिल्ला म्हटली, त्याला निकूद उत्तम वाचता येतो. २००९ पासून सिफ्रियात पिजामाची पुस्तके गनमधून मुलांच्या हाती घरी येत आली आहेत. त्यांतले एक आजोबांनी मोठ्याने वाचावे. शब्द अडला तर नातवाला अर्थ विचारावा आणि त्याला मराठी शब्द द्यावा. नातू त्या वेळी गुरू होतो, आणि कोणत्या मुलाला ते आवडत नाही? यात त्याचाही फायदा आहे. वरच्या वर्गांत निकूद जातो आणि नुसत्या व्यंजनांवरून शब्द ओळखावा लागतो. ज्या मुलाच्या कानावरून पुष्कळ शब्द गेले आहेत त्यालाच ते सोपे जाते.

आमच्या मते हे काही नवे नाही. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, ती घरात वाचण्यासाठीच. पेसाहच्या रात्री धाकट्याने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी त्याला समजेल असे उत्तर द्यायचे, ही आपली जुनी रीतच आहे.

अंकांचेही तसेच. हिब्रूत २९ म्हणजे वीस आणि नऊ. मराठीत एकोणतीस, म्हणजे तिसाला एक उणा. एकोणतीस रुपयांच्या तीन वस्तू घेतल्या तर तीन तिसे नव्वद, त्यातून तीन गेले, सत्त्याऐंशी, हा तोंडी हिशेब आपली भाषाच सुचवते. (नव्व्याण्णवपाशी ही युक्ती दगा देते, तिकडे दुर्लक्ष करावे.) जुन्या शाळेतील पावकी, निमकी, दिडकी ज्यांना अजून पाठ आहेत, त्यांनी त्या नुसत्या म्हणून दाखवाव्यात. मुलांना गंमत वाटते. मालिद्याची तयारी असेल तेव्हा पोहे, साखर, नारळ मुलांकडून मोजून घ्यावे. दहा माणसांना इतके, तर पंधरांना किती?

मात्र एक पथ्य पाळावे. नातवाने उत्तर हिब्रूत दिले तर देऊ द्यावे. "मराठीत बोल, नाहीतर खाऊ नाही" असा दंडक घातला की मूल आजीकडे यायचेच टाळते. त्याच्या "ळ" आणि "ण"ला हसू नये, आपल्या स्त्रीलिंगी-पुल्लिंगी हिब्रूला तेही हसते हे लक्षात ठेवावे! आणि मुलाची परीक्षा घेत बसू नये. गृहपाठ व गुण पाहायला आईबाप आहेत.

आईबापांनाही एक विनंती. मूल दोन वर्षांचे होऊनही कोणत्याच भाषेत बोलत नसेल, तर दोन भाषांमुळे उशीर होतो आहे असे म्हणून थांबू नये. तिपत हलावमध्ये दाखवावे व त्याचे कान तपासून घ्यावेत. तोवर आजीला गप्प बसवू नये.

जुलै-ऑगस्टच्या मोठ्या सुट्टीत नातवंडे आजोळी येतील, तेव्हा संध्याकाळचा एक तास टेलिव्हिजन आणि फोन बंद ठेवून पाहावा. पहिले दोन-तीन दिवस मुले कुरकुरतील. नंतर कालची गोष्ट कोठे राहिली होती हे तीच सांगतील.