पेढे वाटले ते पाऊस थांबल्याचे

ऑक्टोबरअखेरीस आमच्या फाउंड्रीत पेढे वाटले गेले. वाटणारा मीच होतो. सिलिंडर हेडच्या कास्टिंगचं रिजेक्शन जुलैत बारा टक्क्यांवर गेलं होतं, ते चारवर आलं होतं. मालकांनी पाठ थोपटली, फोटो निघाला. पुढच्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा अकरावर! तेव्हा कळलं की पेढे आमच्या अकलेचे नव्हतेच. पाऊस थांबला होता, म्हणून कास्टिंग सुधारलं होतं.

कोल्हापूरची फाउंड्री, शिरोली समजा किंवा गोकुळ शिरगाव. मी प्रॉडक्शन मॅनेजर. दोष होता ब्लो होलचा, म्हणजे लोखंडाच्या पोटात हवेची भोकं. ती बाहेरून दिसत नाहीत. नग ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये जातो, तिथे त्यावर तासभर काम होतं, आणि शेवटच्या कटला भोक उघडं पडतं. मग नग परत आणि वर मशीनिंगचा खर्च आमच्या नावावर.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं ‘पद्धतशीर’ केलं. मीटिंग बोलावली, पांढऱ्या फळ्यावर इशिकावांचा माशाचा सांगाडा काढला: माणूस, मशीन, माल, पद्धत. चौदा जण बसले होते. मालक आत आले आणि खुर्ची ओढता ओढता म्हणाले, “पावसाळा आहे, वाळू ओली असणार. पण बोला, मोकळेपणानं बोला.” पुढच्या तासाभरात तेवीस उपाय निघाले, त्यांतले सतरा वाळूचे. मोकळेपणा तेवढाच.

मग उपायांना एक ते पाच गुण दिले. परिणाम, खर्च, वेळ अशा प्रत्येक रकान्याला वजन, आणि बेरीज दशांशात. तक्ता देखणा झाला. पहिल्या बेरजेत मालकांच्या मनातला उपाय चौथा आला, म्हणून आम्ही ‘परिणाम’ या रकान्याचं वजन वाढवलं आणि तो पहिला आणला. कोणी खोटं बोललं नाही. सगळ्यांना तेच योग्य वाटत होतं. सँड प्लँटवर ओलावा मोजून आपोआप पाणी सोडणारं यंत्र बसवलं, सात लाखांचं. त्याच महिन्यात वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीचा पुरवठादार बदलला, ओतायचं तापमान वाढवलं आणि मोल्डला हवा जायला जास्तीची छिद्रं पाडली. चारही गोष्टी एकदम. त्यांतली कुठली लागू पडली हे ऑक्टोबरात कोणी विचारलं नाही. पेढे खाताना कोण विचारतो?

दुसऱ्या जुलैत मी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो. कोअर शॉपमधले, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीचे गाभे करणाऱ्या विभागातले, एक जुने कामगार शेजारी उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते सहज म्हणाले, “सायेब, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचं कास्टिंग तेवढं बघा. भोकं त्यातच लई.”

“मामा, गेल्या वर्षीच्या मीटिंगला होता की तुम्ही. बोलला का नाही?”

“तुमी इचारलंसा कुठं? आन् मालक वाळू म्हणल्यावर मी काय कोअर म्हणू?”

मी कारखान्यात परत आलो आणि पहिल्यांदाच, सांगायला लाज वाटते, खराब नग करवतीनं कापून टेबलावर मांडले. भोकं जवळजवळ सगळी आतल्या बाजूला होती, पाण्याच्या वाटेच्या कोअरला लागून. सँड प्लँटची वाळू मोल्डची असते, बाहेरच्या अंगाला. दोष वाळूचा असता तर भोकं बाहेरच्या बाजूला हवी होती. आमचे कोअर सोडियम सिलिकेटचे, कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेले. दमट हवेत पडून राहिले की ते ओल धरतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी केलेले कोअर दीड दिवस उघड्यावर पडायचे, आणि त्यावर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं की त्या ओलीची वाफ जाणार कुठे? लोखंडातच अडकणार.

चाळीस हेड ताज्या कोअरचे आणि चाळीस दोन दिवस पडलेल्या कोअरचे ओतले, वेगवेगळे रंग लावून मशीन शॉपला पाठवले. जुन्या कोअरचे नऊ नग बाद झाले, ताज्यांतला एक. उपाय म्हणाल तर झाकणाचं एक रॅक, कोअरवर खडूनं तारीख आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी कोअर मोजकेच करायचे. खर्च काही हजारांचा. सात लाखांचं यंत्र आजही चालू आहे आणि वाळूसाठी चांगलंच आहे. फक्त आमचा प्रश्न वाळूचा नव्हता.

त्यानंतर मी थोडं वाचलं. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द रूढ करणारे अॅलेक्स ऑस्बॉर्न जाहिरात क्षेत्रातले अमेरिकी गृहस्थ. एकमेकांवर टीका न करता भरपूर कल्पना काढा, असा त्यांचा आग्रह. 1958 साली येल विद्यापीठात हे तपासलं गेलं, तेव्हा उलटंच दिसलं. चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना वेगवेगळे बसलेले चार जण काढतात. पुढे 1987 मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी दाखवलं की मोठं कारण अगदी साधं आहे: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि त्या थांबण्यात सुचलेलं विरून जातं. आमच्याकडे त्यात मालकांचं वाक्य मिसळलेलं, म्हणजे विचारूच नका.

डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1971 मध्ये मांडलेली रीत मी आमच्या शॉपला झेपेल अशी करून घेतली. आधी खराब नग टेबलावर येतो. ‘रिजेक्शन कमी करणे’ असा प्रश्न मी फळ्यावर लिहू देत नाही. कुठला नग, कुठल्या जागी दोष, कुठल्या दिवसापासून, आणि कुठे दोष नाही, हे चार ओळींत बसलं की मगच उपाय. मग दहा मिनिटं सगळे गप्प बसून चिठ्ठ्या लिहितात. मराठीत, हिंदीत, कशाही. बिहारकडच्या एका पोरानं चित्र काढून दिलं होतं, आणि ते सगळ्यात स्पष्ट होतं. ज्याला लिहिणं जड जातं त्याचं सुपरवायझरनं नाही, शेजारच्यानं लिहून द्यायचं. नाव कोणी घालायचं नाही. वरिष्ठांनी या वेळात तोंड उघडायचं नाही, आणि हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं ते मलाच. मग एकेक चिठ्ठी वाचायची, सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायच्या, समजली नसेल तेवढीच विचारायची. ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ हे वाक्य इथे बंद.

मतदानात मात्र मी पुन्हा एकदा फसलो. प्रत्येकाला तीन ठिपके लावायला दिले. मोल्डिंगवाल्यांचे ठिपके भट्टीच्या उपायांवर, भट्टीवाल्यांचे कोअर शॉपवर आणि कोअर शॉपचे खरेदी विभागावर! ज्यात दुसऱ्याला राबायचं, तो उपाय सगळ्यांना आवडतो. आता ठिपका लावण्याआधी प्रत्येक चिठ्ठीवर लिहायला लावतो की हे कोण करणार आणि किती दिवसांत. निम्म्या चिठ्ठ्या तिथेच गळतात.

ठिपके मोजून झाले की क्रम ठरवायचा, आणि तिथे मी ठिपक्यांनाही मान देत नाही. जो उपाय आठवड्याभरात करून बघता येतो, ज्याला पैसे कमी लागतात, आणि फसला तर जो परत फिरवता येतो, तो आधी. त्याला दोनच ठिपके पडले असले तरी. यंत्रखरेदी नेहमी शेवटी, कारण यंत्र आलं की ते चुकलं असं म्हणायला कोणी धजत नाही. शिवाय एका वेळी एकच बदल. लोक कंटाळतात, ग्राहक फोन करून ओरडतो, मालक विचारतात की चारही एकदम का नाही. नग खरोखर अडले असतील तर चारही करा, माझी हरकत नाही. पण नंतर एकेक काढून बघायची तयारी ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात मला फोन कराल.

बाद झालेल्या चिठ्ठ्या फेकत नाही. एका वहीत चिकटवतो आणि शेजारी कारण लिहितो: महाग, धोक्याचं, आत्ता नको. दोन वर्षांपूर्वी ‘आत्ता नको’ म्हणून ठेवलेली एक चिठ्ठी गेल्या हिवाळ्यात कामाला आली.

या जुलैत पुन्हा दोन टक्के वाढ दिसली. नग कापले, सगळे बसले, चिठ्ठ्या पडल्या. यंदा मला पक्की खात्री होती की दोष ओतायच्या तापमानाचा आहे. मी इतरांसारखी चिठ्ठी टाकली आणि गप्प बसलो. मोजणी झाली तेव्हा माझ्या चिठ्ठीवर एकच ठिपका होता, आणि तो माझाच. मामांनी ती वाचली, हसले आणि वहीच्या पानावर नीट चिकटवून दिली.